दम्याच्या रोग्यास झाडपाल्याचें औषध द्यावें काय?

भंडारा जिल्ह्यांत भाताची मळणी सुरू झाली आणि वैनगंगेच्या कांठीं पहांटेचें धुकें उतरूं लागलें, म्हणजे खेड्यापाड्यांतून घरांघरांत एक माणूस रात्रीं उठून बसलेला आढळतो. त्याची पाठ भिंतीस टेकलेली असते, हात गुडघ्यांवर असतात, आणि एकेका श्वासासाठीं त्याची झटापट चाललेली असते. आमच्या उपदेशक बंधूंस हें दृश्य परिचित आहे. सकाळीं त्यांस हटकून विचारलें जातें, “मास्तर, ह्यावर कांहीं झाडपाल्याचें औषध सांगा. दवाखाना लांब पडतो.” त्या प्रश्नाचें उत्तर कसें द्यावें, हा ह्या धड्याचा विषय आहे.

आरंभींच आम्ही आपली एक चूक कबूल करितों. कांहीं वर्षांपूर्वीं बिड्या वळून पोट भरणारी एक विधवा बहीण आमच्याकडे आली. तिला खोकला होता व चालतांना धाप लागे. आमच्या कुंपणास अडुळसा होता. आम्ही मोठ्या विश्वासानें तिला पानें दिलीं आणि काढा कसा करावा तें सांगितलें. तिनें तीन महिने तो काढा निष्ठेनें घेतला. आम्ही भेटीस गेलों कीं ती म्हणे, “पाळकसाहेब, थोडा आराम वाटतो.” पुढें थुंकींतून रक्त पडलें, तेव्हां तिला दवाखान्यांत नेलें. तो क्षय होता. त्या तीन महिन्यांत ती आपल्या नातवंडांजवळ निजत होती. देवाच्या दयेनें ती सहा महिन्यांच्या औषधानें बरी झाली. परंतु मुलांची तपासणी होऊन निकाल कळेपर्यंत आम्हांस झोंप आली नाहीं. अडुळशाचा ह्यांत कांहीं दोष नव्हता. रोग कोणता हें न विचारतां औषध सांगण्याचा दोष आमचा होता.

१. धाप हें लक्षण आहे

ताप आला म्हणजे तो हिवतापच असेल असें नाहीं. धापेचेंही तसेंच आहे. तिचीं पुष्कळ कारणें आहेत, व त्यांतील पांच आपल्या खेड्यांत नेहमीं आढळतात.

पहिलें दमा. ह्यांत श्वासनळ्या मधून मधून आवळतात, छातींत शीळ वाजते, आणि पुढें कांहीं दिवस माणूस अगदीं बरा असतो. हा पुष्कळदां लहानपणींच दिसूं लागतो. दुसरें, ज्यास डॉक्टर सीओपीडी म्हणतात तो रोग. हा वर्षानुवर्षें धूर ओढल्यानें होतो व हळूहळू वाढत जातो. तो धूर बिडीचा असेल किंवा चुलीचा असेल. म्हणूनच जिनें जन्मांत बिडी ओढली नाहीं अशा आजीबाईलाही हा रोग जडतो. तिसरें क्षय, दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, संध्याकाळचा बारीक ताप व घटणारें वजन हीं त्याचीं चिन्हें. चौथें हृदयाचा रोग. ह्यांत पाय सुजतात व उताणें निजलें कीं धाप वाढते. पांचवें अंगांत रक्त कमी असणें, जें आपल्या स्त्रियांत फार आढळतें.

आपल्या जिल्ह्यांत ह्यांशिवाय धंद्याची धूळ आहे. बिडी वळणाऱ्या स्त्रियांच्या नाकांत तंबाखूचा भुगा जातो, तांदुळाच्या गिरणींत कोंडा उडतो, आणि तुमसर तालुक्यांत चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें मॅंगनीजच्या खाणी आहेत. जेथें दगड फुटतो तेथें बारीक धूळ फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो. तेव्हां औषध सांगण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे: हा खोकला किती दिवसांचा आहे? आणि हा मनुष्य दिवसभर कसला धूर किंवा धूळ घेतो?

२. जीं झाडें उपयोगीं पडतात

झाडपाला व्यर्थ आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. ज्या अडुळशाच्या पानास शेळीसुद्धां सहसा तोंड लावीत नाहीं, त्यांत व्हॅसिसीन नांवाचें द्रव्य आहे. त्याच्या रचनेवरून शास्त्रज्ञांनीं ब्रोम्हेक्झिन हें औषध तयार केलें. १९६० च्या दशकापासून तें डॉक्टर कफ पातळ करण्यासाठीं देत आले आहेत. म्हणजे आपल्या आजीचें ज्ञान अगदींच पोकळ नव्हतें. अडुळशानें चिकट कफ सुटण्यास मदत होते. मात्र आवळलेली श्वासनळी तो दम्याच्या झटक्यांत त्वरेनें उघडीत नाहीं. गर्भवती स्त्रीस तो देऊं नये, कारण त्यानें गर्भाशय आकुंचन पावण्याचें भय असतें.

आलें, तुळस व मिरें ह्यांचा कोमट काढा घशास आराम देतो. निजण्यापूर्वीं चमचाभर मध घेतल्यानें खोकल्याची उबळ कमी होते. परंतु एक वर्षाच्या आंतील बाळास मध कधींही चाटवूं नये, कारण त्यापासून अर्भकास जिवावरची विषबाधा होऊं शकते. ज्येष्ठमध गोड व सौम्य वाटतो, पण तो आठवडेच्या आठवडे रोज घेतल्यास रक्तदाब वाढतो. सितोपलादि चूर्ण घरोघरीं असतें. त्याच्या एकतीस भागांत सोळा भाग खडीसाखर असते, हें मधुमेहाच्या रोग्यानें ध्यानांत ठेवावें.

अंतमूळ नांवाच्या वेलीची गोष्ट विशेष बोधप्रद आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीचे डॉ. शिवपुरी व त्यांचे सहकारी ह्यांनीं दम्याच्या रोग्यांस तिचें पान चावावयास देऊन पाहिलें, आणि पुष्कळांस आराम पडल्याचें लिहिलें. कित्येकांचें तोंड आलें व कित्येकांस ओकारी झाली. पुढें १९७९ सालीं दुसऱ्या वैद्यकांनीं पुन्हा परीक्षा केली. खरें औषध कोणास व खोटें कोणास हें रोग्यास किंवा डॉक्टरास कळूं न देतां तें दिलें, तेव्हां दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. ह्याचें कारण समजण्यासारखें आहे. दमा आपोआप वाढतो व आपोआप ओसरतो. ओसरण्याच्या आधीं जें घेतलें असेल त्यास श्रेय मिळतें. कोजागिरीच्या रात्रीं खिरींतून दिलेल्या औषधाची, किंवा हैदराबादेस मृगाच्या दिवशीं जिवंत माशाच्या तोंडांतून गिळविल्या जाणाऱ्या औषधाची कीर्ति ऐकावी, तेव्हां ही गोष्ट स्मरावी.

३. जीं घरीं वापरूं नयेत

धोत्र्याचीं वाळलेलीं पानें चिलमींतून ओढण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. १८०२ सालीं जनरल जेंट नांवाच्या एका इंग्रज अधिकाऱ्यानें ती मद्रासहून ब्रिटनला नेली, आणि पुढें तेथें दम्याच्या सिगारेटी विकल्या जाऊं लागल्या. धोत्र्यानें श्वासनळी खरोखर सैल होते. हेंच त्याचें मोहक रूप. परंतु एका पानांत विष किती व दुसऱ्यांत किती हें कोणास सांगतां येत नाहीं. तोंड कोरडें पडतें, डोळ्यांपुढें अंधुक होतें, माणूस बरळूं लागतो, आणि मात्रा वाढल्यास मरतो. धोत्र्यांतील ॲट्रोपीनच्या रचनेवरून केलेलें इप्राट्रोपियम आज मोजक्या मात्रेनें पंपांतून मिळतें. तें असतांना चिलमीनें जीव धोक्यांत घालण्याचें कारण नाहीं. आयुर्वेदिक औषधांतील विषारी द्रव्यांची जी यादी कायद्यांत आहे, तींत धोत्र्याचें बीं आहे. असें द्रव्य असलेल्या औषधावर ‘वैद्याच्या देखरेखीखालीं घ्यावें’ अशी सूचना छापावी लागते.

कित्येक वृद्ध ‘दम मोकळा होतो’ म्हणून गांजा ओढतात. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें गांजा बाळगणें हा गुन्हा आहे. आणि कोणताही धूर असला तरी तो अखेर फुप्फुसें जाळतोच. खोलींत धूप किंवा पाला जाळून रोग्यास त्यांत बसविणें हेंही तसेंच हानिकारक आहे. धातूंचीं भस्में ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून घेऊं नयेत. २००४ सालीं अमेरिकेंत बोस्टन येथील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली, तेव्हां १४ औषधांत शिसें, पारा किंवा सोमल आढळला.

४. बाजारांतील पुडी

आमच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ आठवड्याच्या बाजारांत येणाऱ्या एका फिरत्या विक्रेत्याकडून पुड्या घेत. ‘शुद्ध जडीबुटी’ असें तो सांगे. पहिल्या दिवशींच धाप थांबली. त्यांनीं दवाखान्याचा पंप टाकून दिला. वर्षभरांत त्यांचें तोंड गोल झालें, भूक वाढली, घरचे म्हणाले, “बाबांना औषध मानवलें.” मग एका पावसाळ्यांत विक्रेता तीन आठवडे आलाच नाहीं. बाबा गळून गेले, ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि एके सकाळीं ते उठेनात. डॉक्टरांनीं सांगितलें कीं, पुडींत स्टेरॉइड होतें व तें एकाएकीं बंद पडल्यानें असें झालें. जीव वांचला, परंतु तोंवर मधुमेह जडला होता व पाठीचीं हाडें ठिसूळ झालीं होतीं.

म्हणून ही खूण ध्यानांत धरावी: जी पुडी कांहीं तासांत जुनी धाप थांबविते, जिनें तोंड सुजतें व भूक वाढते, तिच्यांत जडीबुटीहून निराळें कांहीं आहे अशी शंका घ्यावी. परंतु अशी पुडी पुष्कळ दिवस घेणाऱ्यानें ती आपल्या मनानें एकदम सोडूं नये. पुडी हातांत घेऊन त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.

कायदेशीर औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्यांचीं नांवें, करणाऱ्याचें नांव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख व मुदत हीं छापलेलीं असतात. कोऱ्या कागदांतील पुडीवर ह्यांपैकीं एकही नसतें. शिवाय जे रोग बरे करण्याचा दावा औषधानें करूं नये, त्यांची यादी औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टांत आहे, आणि तींत दमा आहे. तेव्हां ‘दमा मुळासकट जाईल’ असें जो म्हणतो, त्याचें पहिलें वाक्यच कायद्याविरुद्ध असतें.

५. पंपाचें भय

‘पंप लागला कीं सुटत नाहीं’ असें लोक म्हणतात. वास्तविक पंप हा सौम्य मार्ग आहे. साल्ब्युटामॉलच्या गोळींत २ किंवा ४ मिलिग्रॅम औषध असतें व तें सर्व अंगांत फिरतें. पंपाच्या एका दाबांत अवघे १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या विसाव्या किंवा चाळिसाव्या भागाइतकें, आणि तें थेट छातींत जातें. ज्यास रोज पंप लागतो, त्यास रोग जुना आहे म्हणून लागतो. चष्मा लावल्यानें डोळे बिघडतात असें आपण म्हणत नाहीं. काढा घ्यावयाचा असल्यास पंपाबरोबर घ्यावा, व डॉक्टरांस तसें सांगावें. काढ्यासाठीं पंप बंद करूं नये.

६. उपदेशकांनीं काय करावें

खोकला दोन आठवड्यांहून अधिक असल्यास रोग्यास काढा सांगण्यापूर्वीं थुंकीच्या तपासणीस न्यावें. सरकारी दवाखान्यांत क्षयाची तपासणी व औषध विनामूल्य आहे, आणि नोव्हेंबर २०२४ पासून क्षयरोग्यास आहारासाठीं दरमहा १,००० रुपये मिळतात. आशाताईंस सोबत घ्यावें. बिडी सोडावयास लावावी. ह्याहून मोठें औषध कोणत्याही रानांत उगवत नाहीं. चुलीजवळ धूर बाहेर जाण्यास वाट करावी, मळणीच्या व गिरणीच्या वेळीं नाकातोंडास फडकें बांधावें; फडक्यानें सारी धूळ अडत नाहीं, म्हणून रोग्यानें त्या कामापासून दूरच राहावें.

आणि रोग्यास एक वाक्य सलग बोलतां येईना, ओठ निळे पडले, श्वासाबरोबर बरगड्यांमधील जागा आंत ओढली जाऊं लागली, किंवा तो गुंगूं लागला, तर कोणताही काढा उकळीत बसूं नये. जवळ पंप असल्यास तो देत १०८ ला बोलवावें.

आमच्या कुंपणाचा अडुळसा अजून उभा आहे. लोक पानें मागावयास येतात, आणि आम्ही तीं देतोंही. फरक इतकाच, कीं पान तोडण्यापूर्वीं आतां आम्ही विचारतों, “खोकला किती दिवसांचा?” ती विधवा बहीण कधीं जवळ असली तर तीच आमच्या आधीं विचारते.

उजळणीचे प्रश्न

१. धापेचीं कोणतीं पांच कारणें ह्या धड्यांत सांगितलीं आहेत? आपल्या गांवांत त्यांतील कोणतीं आढळतात?
२. अडुळशाचा उपयोग कोठवर आहे, व तो कोणास देऊं नये?
३. अंतमुळाच्या दुसऱ्या परीक्षेंत काय आढळलें?
४. बाजारांतील पुडी संशयास्पद आहे हें कशावरून ओळखावें, व ती एकदम कां सोडूं नये?
५. कोणतीं चिन्हें दिसतांच रोग्यास विलंब न करितां दवाखान्यांत न्यावें?