इंदूरची ती दिवाळी : नगरसुधारणा आणि नागरिक

नगराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की गावात पहिली चौकशी एकच होते : रेघ कुणाच्या घरावरून गेली? ही चौकशी स्वार्थाची म्हणून हिणवण्याची सवय आम्हा कचेरीतल्या मंडळींना आहे. ती बरी नव्हे. ज्याच्या तीन पिढ्या एका वाड्यात नांदल्या, त्याने प्रथम त्या वाड्याविषयी विचारावे, हे स्वाभाविकच होय. प्रश्न असा की, या काळजीतून नागरिक नगराच्या कामात सहभागी कसा व्हावा? होळकरांच्या इंदुरात शतकापूर्वी याचे एक उत्तर मिळाले होते.

पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) हे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ. १८८६ मध्ये एडिंबरोच्या जुन्या, दाट वस्तीत ते पत्नीसह मुद्दाम राहावयास गेले आणि शेजाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी तेथील घरे दुरुस्त केली. १९१४ साली ते भारतात आले. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्या काळी नगरसुधारणा म्हणजे दाट वस्तीतून सरळ रस्ता फोडणे, अशी समजूत रूढ होती. गेडिस यांना ती मान्य नव्हती. वैद्य जसा आधी नाडी पाहतो, तसे ते आधी गल्लीगल्ली पायी हिंडत. पडके घर तेवढे काढावे, त्या जागी लहानसा चौक मोकळा करावा, झाड लावावे, विहीर उपसावी आणि गल्लीचे वळण शक्यतो तसेच राहू द्यावे, ही त्यांची पद्धत. तिने खर्च वाचे आणि माणसे बेघर होत नसत.

होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून ते इंदूरला आले तेव्हा शहरात प्लेगची भीती होती. हातात नकाशा घेऊन हिंडणाऱ्या या दाढीवाल्या म्हाताऱ्या साहेबाकडे लोक बोट दाखवू लागले. चौकशीअंती कळले की, प्लेग आणणारा तो हाच, असा लोकांचा समज झाला होता. गेडिस रागावले नाहीत. पत्रके वाटून हा समज जाणार नाही, हे त्यांनी ओळखले. (प्रसिद्धीचे काम करणाऱ्या मजसारख्याने हे कबूल करणे सोपे नाही!) त्यांनी दरबाराकडे एक दिवसाचे राजेपण मागितले आणि ते त्यांना मिळालेही.

मग शहरात असे जाहीर झाले की, १९१७ च्या दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही; ज्या रस्त्यांवरील घरे अधिक स्वच्छ व दुरुस्त असतील, त्याच रस्त्यांनी ती जाईल. आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून गल्लीगल्लीत चढाओढ लागली. घरे सारवली, रंगवली गेली, गाड्याच्या गाड्या भरून केरकचरा बाहेर पडला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची व हिवतापाच्या डासाची प्रचंड चित्रे होती. त्यांच्यामागून पांढरी शुभ्र वस्त्रे नेसलेले, नवे झाडू घेतलेले, फुलांनी सजलेले सफाई कामगार सन्मानाने चालले होते. ज्यांची सावली टाळली जात असे, ते त्या दिवशी राजाच्या मिरवणुकीत होते. माझ्या मते त्या दिवाळीतली सर्वांत मोठी गोष्ट हीच. पुढे लक्ष्मीचा रथ होता, नियोजित इमारतींच्या प्रतिकृती होत्या. शेवटी उंदीर व डास यांचे दहन झाले. दुसऱ्या दिवसापासून त्याच साहेबांना गल्लीत शिरताना कुणी अडवले नाही. १९१८ मध्ये त्यांचा इंदूरवरील अहवाल दोन भागांत प्रसिद्ध झाला.

याच इंदुरात गेल्या शतकाच्या अखेरीस झोपडपट्ट्यांत रस्ते व भुयारी गटारे घालण्याची मोठी योजना झाली. १९९८ मध्ये तिला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. परंतु पुष्कळ ठिकाणी घरांची जोडणी अपुरी राहिली आणि नळवाहिन्या तुंबल्या. कल्पना उत्तम होती. पण ती सांभाळावयाची कुणी, हे वस्तीशी पुरते ठरले नव्हते.

आज मिरवणुकीची वाट पाहण्याचे कारण नाही. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे. तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरांत प्रभाग समित्यांची तरतूद तिने केली. मध्य प्रदेशाच्या १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमानुसार आराखड्याच्या मसुद्यावर ३० दिवसांत लेखी हरकती व सूचना देता येतात. मात्र हे तीस दिवस बहुधा मसुदा समजून घेण्यातच संपतात. एका गावी सुनावणीला मी हजर होतो. भिंतीवरच्या रंगीत नकाशापुढे एक वृद्ध बाई बराच वेळ उभ्या होत्या. शेवटी त्यांनी विचारले, “दादा, यात आमची ओसरी कुठं आली?” उपस्थित अधिकाऱ्यांपैकी कुणालाही ती दाखवता आली नाही; मलाही नाही.

यास्तव शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. वरच्या वर्गातील मुलांकडून शाळेभोवतालच्या गल्ल्यांचा साधा नकाशा काढवून घ्यावा : विहीर, पार, नळ, गटार, पडके घर, पाणी तुंबण्याची जागा. आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा तो नकाशा शेजारी ठेवून मुलांनीच तो वडीलधाऱ्यांना समजावून द्यावा. हरकत द्यावयाची ती लेखी, जागेचा क्रमांक व आपली पर्यायी सूचना स्पष्ट लिहून, मुदतीच्या आत द्यावी, आणि दुसऱ्या प्रतीवर कचेरीचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय परतू नये.