अमितोफोची मुले : मलावीतील एका बौद्ध बालसदनाचा अभ्यास

आफ्रिका खंडातील निराधार बालकांच्या संगोपनाचा विषय निघाला की प्रथम ख्रिस्ती मिशनांचे नाव येते, आणि ते योग्यच आहे. तेथील कितीतरी शाळा व रुग्णालये त्यांनी उभारली. बौद्ध संघ या कार्यात फार उशिरा उतरला. तैवानमधील फो ग्वांग शान संघाचे भिक्खू हुई ली १९९२ साली दक्षिण आफ्रिकेत आले. प्रिटोरियाच्या पूर्वेस ब्राँकहॉर्स्टस्प्रुट येथील नान हुआ विहाराच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. पुढे एड्सने आईबाप हिरावलेल्या मुलांसाठी त्यांनी मलावी देशात, ब्लँटायर येथे, ‘अमितोफो केअर सेंटर’ हे निवासी केंद्र उभे केले. ‘अमितोफो’ हा अमिताभ बुद्धांच्या नावाचा चिनी उच्चार होय. कालांतराने लेसोथो, एस्वातिनी, नामिबिया आदी देशांतही अशी केंद्रे निघाली.

येथे मुलांना निवारा, शाकाहारी भोजन व शिक्षण मिळते. वंदना होते, चिनी भाषा शिकवली जाते, कुंग-फूचा कसून सराव घेतला जातो. मुलांना चिनी नावेही दिली जातात. काही विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी तैवानला जातात. ज्या घरात दोन वेळच्या मक्याच्या लापशीची भ्रांत, तेथील मुलाला हे दार उघडावे, ही गोष्ट आम्ही लहान मानीत नाही. उपाशी मुलापुढे संस्कृतीची चर्चा करणे पोट भरलेल्यांनाच परवडते.

तरीही एक प्रश्न उरतो. आईबाप वारले म्हणून मूल कोणाचेच नाही, असे मलावीत समजत नाहीत. दक्षिण व मध्य मलावीतील अनेक समाज मातृवंशीय आहेत; भाच्यांची जबाबदारी मामावर असते, आणि पोरक्या नातवंडांना बहुधा आजी सांभाळते. आजी-आजोबांना चिचेवा भाषेत ‘अगोगो’ म्हणतात. चिनी सफाईने बोलणारा मुलगा सुटीत गावी जातो, तेव्हा अगोगोशी त्याचे बोलणे किती मोकळे राहते? निकोल शाफर यांच्या ‘बुद्धा इन आफ्रिका’ या २०१९च्या माहितीपटाचा गाभा हाच आहे. त्यातील किशोर केंद्राची शिस्त आणि गावाची ओढ यांच्यामध्ये उभा आहे. त्याला उपकार कळतात, आणि आपण कोण हेही त्याला विसरायचे नाही.

हा पेच धम्माला नवा नाही. विनयपिटकाच्या महावग्गात राहुलाच्या प्रव्रज्येची कथा आहे. नातवाला संघात घेतल्याचे कळताच शुद्धोदन व्यथित झाले. आईवडिलांच्या अनुमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये, अशी विनंती त्यांनी केली. भगवंतांनी ती मान्य करून तसा नियम घातला. सारिपुत्तांना दीक्षा देण्यास सांगणारे स्वतः तथागत होते, तरी आजोबांचे दुःख त्यांनी क्षुल्लक मानले नाही. बालसदन म्हणजे प्रव्रज्या नव्हे, हे खरे. परंतु नाव, भाषा आणि आहार बदलतो तेथे अंतर फारसे राहत नाही.

आपल्या वसतिगृहाच्या प्रवेश-अर्जावर पालकाची सही किंवा अंगठा घेतला जातो. हा अंगठा पुष्कळदा आजीचा असतो. तिला अर्ज वाचून दाखवावा, मूल काय शिकेल, काय खाईल, घरी केव्हा येईल हे तिच्या बोलीत समजावून सांगावे, आणि पालक-सभेत तिला पुढच्या रांगेत बसवून बोलू द्यावे, अशी आमची संस्थेला विनंती आहे. मलावीतील केंद्रचालकांनाही आम्ही हेच सुचवले असते.