पावसाळ्यात साबणाला घाम का फुटतो?

प्रश्न : मी घरी खोबरेल तेलाचा साबण करते. पावसाळ्यात वड्या मऊ राहतात, वर पाण्याचे थेंब आणि पांढरी भुकटी येते. टाकून देऊ का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : घाई नको. साबणातलं ग्लिसरीन खाडीकाठच्या दमट हवेतला ओलावा ओढतं, म्हणून थेंब. वरची भुकटी म्हणजे बहुधा धुण्याचा सोडा. ओल्या फडक्यानं पुसा. मऊपणाचं कारण कॉस्टिक सोड्याच्या डब्यात असू शकतं. उघडा राहिला की सोडा पाणी शोषतो. वजन भरतं, पण सोडा कमी पडतो. डबा हवाबंद ठेवा. १०० ग्रॅम तेलाला साधारण १७ ग्रॅम सोडा डिजिटल काट्यावर मोजा. वड्या जाळीवर, पंख्याखाली ४ ते ६ आठवडे वाळवा. मात्र कापल्यावर आत पांढरे खडे दिसले, तर ती वडी अंगाला लावू नका.