ग्राफिक्स ड्रायव्हरची दुरुस्ती : एक अल्पपरिचित व्यवसायमार्ग

संगणकाच्या पडद्यावर अक्षर उमटते, चित्रपट चालतो किंवा खेळातील घोडा धावतो, तेव्हा प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवण्याचे काम ग्राफिक्स चिप करते. परंतु या चिपला अक्षर, चित्रपट वा घोडा यांपैकी काहीच कळत नाही. तिला कळतात ते केवळ तिच्या रचनेनुसार ठरलेले आकडी आदेश, आणि वापरातील प्रोग्रामची मागणी या आदेशांत उतरवून देणाऱ्या सॉफ्टवेअरला ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणतात. नेहमीच्या पडद्यावर एका ओळीत १९२० ठिपके आणि अशा १०८० ओळी, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. ते सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवायचे असल्याने एका चित्रासाठी प्रोग्राम, ड्रायव्हर आणि चिप या तिघांना मिळून जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. हे काम बिनबोभाट चालते तोवर त्याची कोणाला आठवण होत नाही, आणि कदाचित म्हणूनच बारावीनंतरच्या मार्गांची चर्चा करताना या व्यवसायाचे नाव सहसा कोणी घेत नाही.

लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर ड्रायव्हरचे दोन भाग असतात. पहिला भाग कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, राहतो. चिपची स्मृती निरनिराळ्या प्रोग्रामांत वाटून देणे, त्यांची कामे रांगेत लावणे, काम संपल्याची खूण तपासणे आणि पडद्याचा आकार व गती ठरवणे ही त्याची जबाबदारी असते, आणि या साऱ्या यंत्रणेला डीआरएम असे नाव आहे. दुसरा भाग बाहेर, नेहमीच्या प्रोग्रामांसारखा चालतो, आणि त्यात मेसा हा प्रकल्प सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रोग्रामने चिपकडे मागणी कोणत्या शब्दांत करावी याचे ओपनजीएल आणि व्हल्कन असे सर्वमान्य करार आहेत. मेसा या करारांतील मागण्या त्या त्या चिपच्या आदेशांत उतरवते. प्रत्येक ठिपक्यासाठी स्वतंत्रपणे चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामला शेडर म्हणतात, आणि तो चिपच्या भाषेत आणण्यासाठी ड्रायव्हरच्या पोटातच एक पूर्ण कंपायलर, म्हणजे भाषांतर करणारे सॉफ्टवेअर, असावा लागतो. ग्राफिक्स म्हटल्यावर चित्रकलेची अपेक्षा घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला हे प्रथम समजावून द्यावे लागते की या क्षेत्रात चित्र काढण्यापेक्षा भाषांतर, हिशेब आणि रांगेची शिस्त यांचेच काम अधिक आहे.

पालकांच्या मनातील पहिली शंका ‘मुक्त’ या शब्दापाशीच सुरू होते, आणि ती रास्त आहे. मुक्त स्रोत म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे देता येते असे सॉफ्टवेअर. ते वापरायला पैसे पडत नाहीत म्हणून ते लिहिणाऱ्यालाही पैसे मिळत नाहीत, असा अर्थ मात्र त्यातून निघत नाही. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये मेसाची सुरुवात फावल्या वेळातील काम म्हणून केली आणि १९९५ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध झाली हे खरे. परंतु आज मेसातील बहुतांश काम पगारी अभियंते करतात. इंटेल आपल्या चिपांचे लिनक्स ड्रायव्हर मुक्त स्वरूपातच लिहिते, एएमडीने २००७ मध्ये आपल्या चिपांची कागदपत्रे खुली करण्याचे धोरण जाहीर केले, आणि एनव्हिडियानेही २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधील भाग खुला केला. संगणकीय खेळ विकणारी व्हॉल्व्ह ही कंपनी मेसावर काम करणाऱ्या अभियंत्यांना पैसे देते, कारण २०२२ मध्ये तिने बाजारात आणलेले स्टीम डेक हे हातात धरून खेळण्याचे यंत्र याच मुक्त ड्रायव्हरांवर चालते. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातील आ कोरुन्या येथील इगालिया ही संस्था तर कामगारांच्याच मालकीची सहकारी संस्था आहे, आणि रास्पबेरी पाय ४ या छोट्या, स्वस्त संगणकाचा व्हल्कन ड्रायव्हर तिच्याच अभियंत्यांनी लिहिला. सहकाराशी तीन-चार पिढ्यांची ओळख असलेल्या महाराष्ट्रातील पालकाला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही.

जेथे कंपनी कागदपत्रे देत नाही, तेथे काम अधिक कठीण आणि अधिक आकर्षक होते. कंपनीच्या बंद ड्रायव्हरला एक अगदी छोटा शेडर द्यायचा, त्यातून निघालेले आकडे नोंदवायचे, मग शेडरमधील बेरजेच्या जागी वजाबाकी करून पुन्हा आकडे पाहायचे, आणि कोणता बिट बदलला यावरून त्या बिटाचा अर्थ ठरवायचा, अशा शेकडो प्रयोगांतून चिपची भाषा उलगडत जाते. याला उलट अभियांत्रिकी म्हणतात. एनव्हिडियाच्या चिपांसाठी नूव्हो हा ड्रायव्हर असाच घडला आणि २०१० मध्ये लिनक्स कर्नलमध्ये आला. फोनमधील माली चिपांसाठीचा पॅनफ्रॉस्ट हा ड्रायव्हर २०१९ मध्ये कर्नलमध्ये दाखल झाला. त्याचे काम अलिसा रोझेनझ्वाइग यांनी विद्यार्थिदशेतच हाती घेतले होते, आणि पुढे अ‍ॅपलच्या एम१ चिपच्या मुक्त ड्रायव्हरमध्येही त्यांचा मोठा वाटा राहिला. हे उदाहरण असामान्य आहे, आणि घरातील मुलाला त्या मापाने मोजणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. मात्र या क्षेत्राच्या दारात वय आणि पदवी विचारली जात नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

या क्षेत्रात प्रवेशाचा खरा मार्ग नवा ड्रायव्हर लिहिण्यातून जात नाही, तो असलेल्या ड्रायव्हरच्या दुरुस्तीतून जातो, आणि ही बाब विद्यार्थ्याने व पालकाने नीट समजून घेण्याजोगी आहे. तक्रार बहुधा साध्या शब्दांत येते: लॅपटॉप झोपेतून उठला की पडदा काळा राहतो, एखाद्या खेळात भिंत लुकलुकते, किंवा यंत्र मध्येच गोठते. दोष कोणत्या थरात आहे हे ठरवणे ही पहिली कसोटी असते. पडद्यावर मराठी जोडाक्षर तुटून दिसले तर तो दोष सामान्यतः ड्रायव्हरचा नसतो, तो अक्षरे जुळवणाऱ्या हार्फबझसारख्या वेगळ्या सॉफ्टवेअरचा किंवा फाँटचा असतो. पण तेच जोडाक्षर नीट जुळलेले असून मजकूर सरकवताच त्याचे तुकडे मागे रेंगाळत असतील, तर संशयाची सुई ड्रायव्हरकडे वळते. यासाठी मेसातच असलेला, चिपऐवजी मुख्य प्रोसेसरकडून चित्र काढून घेणारा ड्रायव्हर उपयोगी पडतो, कारण त्याच्यावरही तीच चूक दिसली तर विशिष्ट चिपच्या ड्रायव्हरवरील संशय बराच कमी होतो.

पूर्वी नीट चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत बिघडली असेल तर शोधाची एक सुंदर रीत उपलब्ध असते. लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि तिच्यात दहा हजारांहून अधिक बदल असतात. ते एकेक करून तपासणे अशक्य आहे. परंतु मधल्या बदलापर्यंतचा कर्नल बांधून पाहिला, तो बरोबर चालला तर दोष पुढच्या अर्ध्यात आणि बिघडला तर मागच्या अर्ध्यात असे ठरवले, आणि दर वेळी उरलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग केले, तर सोळा हजार बदलांतून दोषी बदल अवघ्या चौदा चाचण्यांत हाती लागतो. या रीतीला द्विभाजन म्हणता येईल. तिला प्रतिभेपेक्षा चिकाटी लागते, कारण प्रत्येक चाचणीसाठी कर्नल नव्याने बांधून यंत्र पुन्हा सुरू करावे लागते आणि एका चुकीच्या नोंदीने सारी साखळी भलतीकडे जाते. नवख्या विद्यार्थ्याने एवढेच काम बिनचूक करून दिले, तरी अनुभवी अभियंत्याचे कित्येक दिवस वाचतात.

लुकलुकणाऱ्या भिंतीचे कारण पाहिले तर या कामाची खोली लक्षात येते. अनेक खेळ एकच भिंत दोनदा काढतात: पहिल्या फेरीत ती किती दूर आहे एवढेच नोंदवतात, आणि दुसऱ्या फेरीत ज्या ठिपक्याचे अंतर नोंदीशी तंतोतंत जुळते त्यालाच रंग देतात. दोन्ही फेऱ्यांतील शेडरांत गुणाकार आणि त्यानंतर बेरीज असते. कंपायलरने वेग वाढवण्यासाठी एका शेडरमध्ये या दोन क्रिया एकाच आदेशात जोडल्या आणि दुसऱ्यात वेगळ्या ठेवल्या, तर पहिल्यात उत्तराचे पूर्णांकन एकदा होते आणि दुसऱ्यात दोनदा, त्यामुळे शेवटच्या बिटात फरक पडतो, अंतरे जुळत नाहीत आणि ठिपके गळतात. गणिताच्या दृष्टीने दोन्ही उत्तरे ग्राह्य असूनही चित्र चुकते. दुरुस्ती कदाचित दोन-तीन ओळींचीच असते, परंतु त्या ओळी कोठे घालाव्यात हे कळण्यासाठी दशांश संख्या संगणकात कशा साठवल्या जातात, कंपायलर काय करतो आणि खेळ काय गृहीत धरतो, या तिन्हींचे ज्ञान एकत्र यावे लागते. येथे विद्यापीठात तुकड्यातुकड्यांनी शिकलेले विषय प्रथमच एकमेकांना भेटतात.

म्हणून अभ्यासाची दिशाही त्यावरूनच ठरते. सी ही भाषा अपरिहार्य आहे, आणि नव्या ड्रायव्हरांत रस्ट या भाषेचा वापर वाढत आहे. संगणकाची रचना, ऑपरेटिंग सिस्टिम आणि कंपायलर हे तीन विषय गुणांपुरते न उरकता प्रयोग करून शिकले पाहिजेत, आणि बारावीच्या गणितातील सदिश व सारणी हे भाग पक्के असले पाहिजेत. संगणक अभियांत्रिकी किंवा इलेक्ट्रॉनिक्स यांपैकी कोणतीही शाखा चालते, आणि पदविका करून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या विद्यार्थ्यालाही येथे काही कमीपणा नाही. दुसऱ्याने लिहिलेली हजारो ओळींची संहिता शांतपणे वाचण्याची सवय मात्र कोणत्याच अभ्यासक्रमात शिकवली जात नाही, आणि सर्वांत अधिक उपयोगी तीच पडते.

महागड्या यंत्राची मागणी झाली तर पालकांनी ती सुरुवातीला मान्य करू नये. इंटेलची अंगभूत ग्राफिक्स चिप असलेला जुना लॅपटॉप किंवा एक रास्पबेरी पाय पुरतो. पडदाच बंद पडल्यावर आतल्या नोंदी वाचण्यासाठी नेटवर्कने जोडलेले दुसरे एखादे जुने यंत्र असले तर काम सुकर होते. कर्नलमध्ये व्हीकेएमएस नावाचा एक आभासी ड्रायव्हर आहे, जो प्रत्यक्ष पडद्याशिवाय चालतो, आणि तो २०१८ मध्ये दोन नवोदितांनी गुगल समर ऑफ कोड आणि आउटरीची या दोन मानधनी प्रशिक्षण उपक्रमांतून उभा केला. त्याच्यावर काम करण्यासाठी तर कोणतीच विशेष चिप लागत नाही.

प्रकल्पाला पाठवलेल्या दुरुस्तीला पॅच म्हणतात. ती ज्याच्या देखरेखीखाली तो भाग आहे त्या मेंटेनरकडे जाते, तेथे तिची उघड तपासणी होते, आणि पहिल्या पॅचवर दहा आक्षेप येणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. हे आक्षेप म्हणजे नापास होणे नव्हे हे घरातील मोठ्यांनी जाणून घेतले, तर मुलाच्या मनावरील बराच ताण हलका होईल. कर्नलसाठी पाठवलेल्या प्रत्येक पॅचखाली लेखकाला स्वतःच्या नावाने असे प्रमाणित करावे लागते की ही संहिता देण्याचा हक्क त्याला आहे. त्यामुळे कोठून तरी उचललेले किंवा स्वतःला न समजलेले काम पुढे करणे येथे फार काळ निभत नाही. मान्य झालेले पॅच मात्र नाव व तारखेसह कायम राहतात, आणि नोकरी देणारा अभियंता गुणपत्रिकेआधी तेच उघडून पाहतो.

नोकऱ्यांबाबत स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. केवळ मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरवर जगणारे अभियंते जगभरातही थोडेच आहेत, आणि या जागांची जाहिरात वृत्तपत्रांत येत नाही. भारतात एनव्हिडियाचे पुण्यात, इंटेलचे बंगळूरुमध्ये, एएमडी आणि क्वालकॉमचे बंगळूरु व हैदराबादमध्ये मोठे विभाग आहेत, आणि रेड हॅटचेही पुण्यात कार्यालय आहे. परंतु तेथील सारेच काम मुक्त स्वरूपाचे नसते. परदेशी संस्थांसाठी घरून काम करण्याची पद्धत या क्षेत्रात जुनी असली, तरी त्यात संध्याकाळ-रात्रीच्या बैठका आणि एकट्याने काम करण्याची सवय गृहीत धरलेली असते. ज्या विद्यार्थ्याला पदवीच्या दिवशी ठराविक पगाराची हमी हवी आहे, त्याने हा एकच मार्ग धरून बसू नये. त्याच वेळी हेही खरे की कंपायलर, स्मृतीचा हिशेब आणि कर्नल यांचे ज्ञान वाहनांतील संगणक, फोन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची गणिते चालवणाऱ्या चिपा या सर्वत्र लागते, त्यामुळे येथे घालवलेली दोन वर्षे मार्ग बदलला तरी वाया जात नाहीत.

सुरुवातीचा काळही विचारपूर्वक निवडावा लागतो. २००५ पासून चालणारा गुगल समर ऑफ कोड हा उपक्रम २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या प्रौढ नवोदितांनाही खुला झाला आहे. त्याचे अर्ज साधारण मार्च-एप्रिलमध्ये घेतले जातात, आणि अर्जदाराने त्यापूर्वीच काही लहान दुरुस्ती करून दाखवावी अशी या क्षेत्रातील मार्गदर्शकांची अपेक्षा असते. म्हणजे अर्जाच्या आठवड्यात जागे होऊन उपयोग नाही. दिवाळीच्या सुट्टीत स्वतःच्या यंत्रावर मेसा बांधून चालवली, डिसेंबर-जानेवारीत एखाद्या नोंदलेल्या दोषाचे द्विभाजन करून दिले आणि फेब्रुवारीत दोन ओळींचा का होईना पहिला पॅच पाठवला, तर अर्जाच्या वेळी दाखवण्यासारखे काही हाती असते, आणि निवड झाली नाही तरी विद्यापीठाच्या परीक्षा संपताच तोच अर्धवट राहिलेला दोष पुन्हा हाती घेता येतो.