वाफसा बघ, मग चाड्यावर मूठ धर

सुनबाई,

परवा ओसरीवर तू विचारलंस, "मामा, यंदा ज्वारीची पेरणी कधी धरायची?" मी "बघू" म्हणून गप्प बसलो. तुला वाटलं असेल, मामा टाळताहेत. टाळलं नाही गं. त्या प्रश्नाला माझ्या वडिलांकडं तारखेचं उत्तर होतं, माझ्याकडं आता ते राहिलेलं नाही. चुकीची तारीख सांगून तुझ्या हातचं बी वाया घालवायचं नव्हतं. पोरगं पुण्याला कंपनीत, माझे गुडघे असे. रान आता तूच बघणार आहेस. म्हणून बसून सावकाश लिहितोय. चुलीपाशी ठेव, हात लागेल तेव्हा वाच.

वडिलांच्या काळी मृगात बाजरी-तूर पडायची. उत्तरा लागली की मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पाभरी सुरू व्हायच्या. वरून हत्तीचा पाऊस आला की ज्वारीला पुढं पाण्याचं तोंड बघावं लागत नसे. ओलीवर आणि थंडीच्या दवावर ती पोसायची. आता मृग कोरडा जातो, ऑगस्टात आभाळ महिनाभर नुसतं येऊन जातं, आणि शांतपणे भिजवणारा हस्त एका रात्रीत रान धुऊन नेतो. पंचांग टाकून दे असं मी म्हणत नाही. उत्तरा १३ सप्टेंबरच्या सुमाराला लागते, हस्त २७ च्या, हे ध्यानात असू दे. कोरडवाहू ज्वारीसाठी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा महिना धरायचा, हे कृषी विद्यापीठही सांगतं. पण त्या महिन्यातला दिवस कुठला, हे मात्र रानालाच विचारायचं.

विचारायचं कसं, ते सांगतो. आपल्या रानाच्या तिन्ही तुकड्यांत कुदळीनं एकेक खड्डा घे. चार बोटं खालची माती मुठीत दाबून लाडू वळ आणि कमरेइतक्या उंचीवरून सोड. पडल्यावर फुटून रवाळ पसरला, तर वाफसा आलाय. चपटा होऊन बसला, तर दोन दिवस थांब. वळताच येत नसेल, तर वरची ओल उडालीय. एवढ्यावर थांबू नकोस. कोपर बुडेल इतका खड्डा खोल कर आणि तळाची माती हातात घे. ती गार आणि चिकट लागली पाहिजे. वरचं वीतभर रान ओलं आणि खाली कोरडं, ही सगळ्यांत वाईट फसवणूक. बी उगवतं, तास हिरवेगार दिसतात, आणि पाचव्या आठवड्यात पानं सुरळ्या करून उभी राहतात. मग दुबार पेरणी, आणि तोवर दिवस गेलेले.

ओल्या रानात ट्रॅक्टर घालू देऊ नकोस. भाड्याचा ट्रॅक्टरवाला घाई करील, त्याला दिवसात पाच रानं उरकायची असतात. काळी माती ओली असताना चाक फिरलं की खाली ती विटेसारखी दबते आणि वर ढेकळं निघतात. ती ढेकळं मग वर्षभर फुटत नाहीत. तो रागावून गेला तर जाऊ दे.

पाऊस अंदाजानं बोलू नकोस, मोजत जा. गोठ्यामागं उघड्यावर सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा मी ठेवलाय. पाऊस थांबला की त्यात शाळेची पट्टी उभी करायची आणि मिलिमीटर वहीत लिहायचे. एक मिलिमीटर म्हणजे एकरावर चार हजार लिटर पाणी. डब्यात पंचवीस मिलिमीटर साठले की प्रत्येक एकरावर लाख लिटर पडलेलं असतं, दहा हजारी टँकर दहा. खरिपात पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर भरल्याशिवाय बाजरी-तुरीची पिशवी फोडायची नाही. ७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. आई पहाटे खडी फोडायच्या कामावर जायची आणि घरात मिलोची भाकरी व्हायची. त्या लाल ज्वारीची चव अजून जिभेवर आहे. पाणी मोजायची सवय मला तेव्हापासून लागली.

लाख लिटर पडतं, पण रानात राहतं किती, हे आपल्या हातात. जुलैत पाऊस कमी असतानाच रानात दहा बाय दहा मीटरचे सपाट वाफे पाडून ठेव. प्रत्येक वाफा आपलं पाणी आपल्याजवळ जिरवतो. कुळवणी, पेरणी सगळी उताराला आडवी. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात पहिली कोळपणी, पाचव्यात दुसरी, आणि आठव्यात दातेरी कोळप्यानं तिसरी. तण नाही म्हणून तिसरी टाळायचा मोह होईल, टाळू नकोस. थंडी वाढली की काळं रान भेगाळतं. भेगेत हात घालून बघ, आतून ऊब येते. ती ओलीची वाट असते. कोळपं फिरलं की भेगा बुजतात आणि वर मातीची गोधडी पडते. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुनी माणसं म्हणायची, ते खोटं नाही.

आता बांधाचं. हे मला माझ्या चुकीतून कळलं, म्हणून जरा लांबण लावतो.

पूर्वेच्या बांधावर अकरा रामकाठी बाभळी होत्या. बाभळीलगतच्या चार तासांत ज्वारी बारीक राहते, कणीस मुठीएवढं होतं, हे खरं आहे. झाड पाणी ओढतं, सावली पडते. तो हिशोब करून मी २०१६ साली त्या तोडल्या. लाकडाचे पैसे आले, पहिली दोन वर्षं चार तासं भरघोस आली. मग २०२० चा १४ ऑक्टोबर उजाडला. जिल्हाभर आभाळ फाटलं होतं. सकाळी जाऊन बघतो तर पूर्वेचा बांध तीन ठिकाणी फुटलेला, आणि हातभर उंचीची माती ओढ्यात गेलेली. पश्चिमेच्या बांधावर बाभळी अजून उभ्या होत्या. तिथं पाणी वरून वाहिलं, पण बांध हलला नाही. मुळांनी तो धरला होता. चार तासांसाठी मी चार पिढ्यांची माती घालवली. फुटलेल्या जागी आता रामकाठी पुन्हा लावलीय, अजून कमरेला लागते. तिला शेळ्या खाऊ देऊ नकोस.

रामकाठीच का, असं तू विचारशील. ती सरळ वर जाते, साध्या बाभळीसारखी पसरत नाही, म्हणून सावली कमी. मुळांवरच्या गाठींत नत्र साठवते. शेंगा शेळीला, काटे कुंपणाला. मधल्या बांधावर गिरिपुष्प आहे. पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या फांद्या छाटून तासांमध्ये पसरल्या की महिन्याभरात पानांचं खत होतं. वेडी बाभूळ मात्र दिसली की मुळासकट काढ. ती एकदा बसली की हाताखाली राहत नाही.

रानातलं तण काढण्याआधी ते काय सांगतंय, तेही ऐकत जा. लव्हाळा दाटला असेल तर तिथं पाणी थांबतं, चर काढ. तरवड दिसली की खाली मुरूम आहे, तिथं जास्त बी घालून उपयोग नाही. गाजरगवत मोकळ्या, उघड्या पडलेल्या जमिनीवर आधी येतं, म्हणून रान उघडं ठेवू नये. आणि टारफुला. ज्वारीच्या बुडाशी वीतभर उंचीचं, पांढुरक्या फुलांचं साधं रोप दिसतं. त्याची मुळं ज्वारीच्या मुळात घुसलेली असतात. ते जमिनीवर दिसेपर्यंत निम्मं नुकसान झालेलं असतं. त्याचं बी धुळीएवढं बारीक, वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं आणि ज्वारीचं मूळ जवळ आलं की जागं होतं. फुलं दिसली की बी धरायच्या आत उपटून जाळ, आणि पुढच्या वर्षी त्या तुकड्यात ज्वारी नको. चवळी किंवा भुईमूग घे. त्यांच्या मुळांनी टारफुल्याचं बी फसून उगवतं आणि आधाराविना मरतं. ज्वारीवर ज्वारी घेत राहणाऱ्याच्या रानातच टारफुला मातलेला दिसतो.

बियाणं तिन्ही तुकड्यांना एकच नको. ओढ्याकडची खोल काळी जमीन, तिथं आपली मालदांडी किंवा फुले वसुधा. मधल्या मध्यम जमिनीला फुले सुचित्रा. टेकाच्या हलक्या रानात फुले अनुराधा. तिला ओल कमी लागते. मालदांडीचं बी मी घरचंच धरतो. काढणीच्या आधी रानाच्या मधोमध जायचं, बांधालगतचं ताट घ्यायचं नाही, कारण झाड नसेल तिथं त्याला मोकळं ऊन आणि जास्त ओल मिळालेली असते. चारी बाजूंनी ज्वारी असूनही जे ताट सरळ उभं आहे, बुडात पोकळ झालेलं नाही, ज्याची पानं उशिरापर्यंत हिरवी आहेत, त्याला लाल चिंधी बांध. पाऊस दगा देईल त्या वर्षी तर ही निवड अजिबात चुकवू नकोस. त्या वर्षी टिकलेलं ताट काय सोसू शकतं हे दाखवून गेलेलं असतं. शंभरएक कणसं वेगळी मळ, चांगली वाळव, दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. कोरड्या मडक्यात कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यात ठेव.

पेरणीआधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे. पाचव्या दिवशी सत्तरच्या वर कोंब आले तर बी चांगलं. काणी येऊ नये म्हणून किलोला चार ग्रॅम गंधकाची बारीक भुकटी चोळायची.

सगळं रान एकाच पिकाखाली घालू नकोस. आपल्या जिल्ह्याचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तो कधी येईल हे आता कोणी सांगावं? खोल रानात जूनमध्ये मूग घे. शेंगा तोडून झाड रानातच गाडलं की ज्वारीला खत होतं. ज्वारीच्या कडेनं करडईची चार तासं टाक. काटेरी असल्यानं जनावर आत शिरत नाही, आणि तिचं सोटमूळ ज्वारीला न पोचणारी खालची ओल उचलतं. हरभरा पेरताना बियात मूठभर ज्वारी मिसळ. ती ताटं वर येतात, त्यावर कोतवाल आणि मैना बसतात, आणि घाटेअळी वेचून खातात. सकाळी कोतवाल शेपूट हलवत बसलेला दिसला की मला औषधाचा पंप काढायची घाई वाटत नाही. २०१८ साली नवी लष्करी अळी आली, मक्याचे पोंगे चाळण करून गेली, तेव्हाही ज्या रानांत चार पिकं होती त्यांना चिमटा कमी बसला.

एक गोष्ट गोठ्याची. अवकाळी आता दर वर्षाआड येतो. ज्वारी काढल्यावर पाऊस पडला की धसकटांना हिरवे लुसलुशीत फुटवे येतात, आणि उन्हाळ्यात हिरवं दिसलं की जनावर तिकडं ओढ घेतं. २०१४ च्या गारपिटीनंतर माझी दीड वर्षाची कालवड सुटून त्यात शिरली. अर्ध्या तासात तोंडाला फेस, पाय ताणलेले. डॉक्टर येईपर्यंत गेली. याला किराळ लागणं म्हणतात. कोवळ्या आणि पाण्याविना खुरटलेल्या ज्वारीत विष असतं. वाळलेल्या कडब्याला भिऊ नकोस, हिरव्या फुटव्याला भी. काढणी झाली की लगेच धसकटं वेचून घे.

उसाबद्दल तुला शेजारचे सांगतील. पैसा दिसतो, मलाही दिसतो. पण आपल्या बोअरला उन्हाळ्यात तासभर पाणी येतं. ते ढोरांचं आणि घरचं आहे. खारट पाणी पाजून पांढरी पडलेली रानं ओढ्यापलीकडं आहेत. एकदा जाऊन बघून ये, म्हणजे मला जास्त सांगावं लागणार नाही.

काल रात्री डब्यात अठरा मिलिमीटर भरले, मी वहीत लिहिलेत. परवाच्या सकाळी ऊन तापायच्या आत पूर्वेच्या तुकड्यात जा, कुदळ गोठ्याच्या आढ्याला आहे. कोपरापर्यंत खड्डा घे, तळाची माती पदरात बांधून आण. मी हातात घेऊन बघतो, मग दोघं मिळून दिवस ठरवू.