औषधाला न जुमानणारा मूत्रमार्गाचा संसर्ग

प्रश्न : पाळीव कुत्रीला वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. पूर्वी लागू पडलेले इंजेक्शन आता का लागू पडत नाही?
– एक वाचक, तिरोडा, जि. गोंदिया

उत्तर : कुत्र्यांमधील या संसर्गामागे बहुतेक वेळा ई. कोलाय हा जिवाणू असतो. आतड्यात निरुपद्रवी असणारा हा जिवाणू मूत्राशयात टिकतो तो ‘फिम’सारख्या जनुकसमूहांमुळे, कारण त्यांच्या आज्ञेनुसार त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म तंतू उगवतात, ते मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतात आणि लघवीच्या प्रवाहात जिवाणू वाहून जात नाही.

औषध निष्प्रभ करणारी जनुके मात्र अनेकदा प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राहून वेगळ्या, वर्तुळाकार डीएनएवर असतात, आणि एक जिवाणू त्याची प्रत शेजारच्या जिवाणूला, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही, देऊ शकतो. सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनसारखी औषधे मोडून टाकणारे विकर बनवणारे ‘सीटीएक्स-एम-१५’ हे असेच जनुक. त्याची पहिली नोंद २००१ मध्ये नवी दिल्लीतील रुग्णांच्या जिवाणूंवरून झाली आणि पुढे ते माणसांप्रमाणे कुत्र्यांच्या जिवाणूंतही जगभर आढळले. अर्धवट किंवा अनावश्यक औषधयोजनेत संवेदनशील जिवाणू मरतात आणि असे जनुक बाळगणारे वाढतात.

म्हणून पुढचे इंजेक्शन देण्यापूर्वी लघवीचे कल्चर आणि औषध-संवेदनशीलता चाचणी करून घेणे अत्यावश्यक आहे. नमुना पशुवैद्यकाने सुईद्वारे थेट मूत्राशयातून घेतलेला उत्तम. तो नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या दूरच्या ठिकाणी न्यायचा असल्यास थंड ठेवावा. संसर्ग वारंवार उलटत असल्यास मूतखडा आणि मधुमेह यांचीही तपासणी व्हावी.