रुसलेल्या मांजरी

मुलांनो, एकत्र वाढलेल्या दोन मांजरीही कधी अचानक भांडू लागतात. एक मांजर जनावरांच्या दवाखान्यातून घरी येते. तिच्या अंगाला औषधाचा वास असतो. मांजरी एकमेकींना वासाने ओळखतात. म्हणून घरातली मांजर तिला परकी समजते व फिसकारते.

अशा वेळी त्यांना मारू नका. मध्ये हातही घालू नका. दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. एकीच्या अंथरुणातले फडके दुसरीजवळ ठेवा. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना त्यांना खायला द्या. दोघी शांतपणे खाऊ लागल्या, की दार थोडे उघडा. पुन्हा भांडल्या, तर दार लावा व काही दिवस थांबा. तुटलेली मैत्री धीरानेच जुळते.

शब्दार्थ : परकी – अनोळखी, धीर – सबुरी

प्रश्न : घरातली मांजर दुसरीला परकी का समजते?